कानाने तपासलेले डबे

४ मार्च

लेबलं छापून देणाऱ्याने ही डायरी भेट दिली. पहिल्या पानावर त्याचीच जाहिरात आहे, म्हणजे भेट नक्की कोणी कोणाला दिली हा प्रश्नच आहे. बायको म्हणाली, "बरं झालं. धंद्याच्या गोष्टी आता हिला सांगत बसा, मी सुटले."

तर सांगतो. आमचा धंदा गॅसच्या छोट्या डब्यांचा. पत्र्याचा, हातात मावणारा डबा. आत दाबून भरलेला गॅस, वर व्हॉल्व्ह. छोट्या शेगडीला लावला की चहा होतो. डोंगरात भटकणारे घेतात, पहारेकरी घेतात, भाड्याच्या खोलीत राहणारी पोरं घेतात. एके काळी मी मोठी सिलिंडरं खांद्यावर घालून लोकांचे जिने चढायचो. आज स्वतःची शेड आहे, भरायचं यंत्र आहे, मोजकी पण आपली म्हणावी अशी माणसं आहेत आणि एक बंद व्हॅन आहे. व्हॅन मेव्हणा चालवतो, बायकोचा धाकटा भाऊ.

आजवर माल शहराबाहेर गेला नाही. आज एका मोठ्या वाहतूक कंपनीने कळवलं, नियम पाळत असाल तर तुमचे डबे आमच्या ट्रकांतून देशभर नेऊ. वाचून मी खुर्चीतून उठलो आणि कारण नसताना शेडला एक फेरी मारून आलो.

६ मार्च

वाहतूक कंपनीची सुरक्षा अधिकारी आली. वयाने माझ्या मुलीएवढी, पायात जाड बूट. दारातूनच म्हणाली, "सगळ्यांनी मोबाईल बाहेर ठेवा." आमच्याच शेडमध्ये आम्हाला! मेव्हण्याने तिथल्या तिथे बारसं केलं: नियमबाई.

नियमबाईंचं म्हणणं असं. डबे छोटे असतात म्हणून त्यांना सवलत मिळते. मोठ्या सिलिंडरचे सोपस्कार त्यांना लागत नाहीत. पण त्या बदल्यात खोकं मजबूत हवं, ठरल्या वजनाच्या आत हवं, त्यावर वरखाली काळी टोकं असलेला तिरपा चौकोन छापलेला हवा. विमानात चढवायचं नाव काढायचं नाही. भरलेली बंद गाडी रात्रभर उभी ठेवायची नाही. आणि प्रत्येक डबा गरम पाण्याच्या टाकीतून काढायचा.

"प्रत्येक?" मी विचारलं.

"प्रत्येक. उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये डब्याचं जे होईल, ते आधी पाण्यात होऊ दे. बुडबुडा दिसला की डबा बाद."

मी म्हटलं, बाई, आमची पद्धत बघा. शेडमध्ये सकाळपासून उभं राहिलं की नाकाला काही कळत नाही, ते मेलेलंच असतं. म्हणून मी कान वापरतो. एक डबा या कानाला, एक त्या कानाला. व्हॉल्व्हमधून गॅस सुटत असेल तर बारीक शीळ येते. माणसं मला माझ्या मागे डॉक्टर म्हणतात, तेही मला ऐकू येतं.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आमचे वजनकाटे आम्ही दरवर्षी तपासून घेतो. तुमचा कान कधी तपासलाय?"

मेव्हणा खो खो हसला. मीही हसलो. म्हटलं, "हा कान गिऱ्हाइकाच्या खिशातलं नाणं ओळखतो."

ती नाही हसली. "टाकी बसवा," म्हणाली.

१३ मार्च

टाकी बसवली. पहिल्याच दिवशी फजिती. कागदी लेबलं गरम पाण्यात सुटून तरंगायला लागली. टाकीत सगळीकडे लेबलावरची आमचीच ज्वाला नि आमचंच नाव. डबे नागडे बाहेर आले. लेबल नंतर लावावं तर ओल्या पत्र्याला चिकटत नाही, पुसत बसावं तर दिवस जातो. आणि छापलेली लेबलं कपाटभर पडलेली.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, लेबलंच बदला ना. प्लॅस्टिकची घ्या."

"घेऊ. आधी ही संपू देत."

तोवर मधला मार्ग काढला आहे. खोक्यामागे एक डबा टाकीत, बाकीचे माझ्या कानाला. खोक्यावर 'आतील प्रत्येक डबा तपासलेला आहे' असं छापलंय, खाली माझी सही. खोटं काहीच नाही. तपासलेला आहेच की. कशाने, ते कुठे लिहिलंय?

१९ मार्च

नवी केटलही बिनकामाची निघाली. शिट्टी वाजतच नाही, पाणी आटून गेलं. दुकानदाराकडे परत नेली तर तो माझ्याकडे बघून म्हणतो, "काका, वाजतेय की." त्याला म्हटलं, मी पत्र्याच्याच धंद्यात आहे, मला शिकवू नकोस. दुसरी घेऊन आलो. तीही तशीच. हल्ली मालच असा येतो.

मुलगी आणि नात येऊन गेल्या. नात मोठी झाली तशी बुजरी झाली आहे. नुसते ओठ हलवते. मी सगळ्याला "हो हो" म्हणतो आणि ती खूश होते. शेवटी कळलं की मी तिला सायकल कबूल केली.

२५ मार्च

पहिला माल गेला! खोक्यांवर तो काळ्या टोकांचा चौकोन काय शोभतो. मी ट्रकच्या मागे रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलो. बायको म्हणाली, "मुलीला सासरी पाठवताना इतक्या लांब आला नव्हतात."

पॅकिंगच्या मावशींनी पुन्हा काही डबे बाजूला काढून ठेवले होते. त्या खोकी भरतात, माझ्याकडून आलेला डबा शेवटी त्यांच्याच हातातून जातो. विचारलं तर म्हणाल्या, "पोचा आलाय, मालक." मला पोचा दिसला नाही. बाईमाणसाची नजर चोख, असेल. वाद घातला नाही. जुनं माणूस आहे.

२ एप्रिल

मोठी मागणी. डोंगराळ भागातल्या सगळ्या दुकानांसाठी एकदम. माणसं कमी पडतायत, त्यात मावशी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना दोनदा आत येऊन उभ्या राहिल्या. "मालक, मी येईपर्यंत टाकीतूनच काढा ना सगळे." मी म्हटलं, मावशी, तुम्हीही नियमबाई झालात? त्या नुसत्याच चप्पल घालत राहिल्या.

आज मेव्हण्यावर ओरडलो. व्हॅनच्या मागच्या कप्प्यात सिगारेटचं पाकीट दिसलं. म्हणाला, "दाजी, गाडीत कधीच ओढत नाही. उतरून, लांब जाऊन ओढतो." गॅसच्या धंद्यात लांब म्हणजे किती लांब, असं विचारलं. त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. "घ्या. सोडली." माणूस साधा आहे. व्हॅन मागे घेताना वाजणारा भोंगाही दुरुस्त करून घे म्हटलं, तर म्हणे "वाजतोय, दाजी." साधा आहे पण आळशी.

८ एप्रिल

माल तयार. उद्या उजाडताच निघालं पाहिजे, म्हणून आज संध्याकाळीच व्हॅन भरून घेतली. मेव्हणा म्हणाला, "नियमबाई काय म्हणाल्या होत्या? भरलेली गाडी रात्रभर बंद…" म्हटलं, एका रात्रीने काय होतंय. दार लाव, किल्ली माझ्याकडे दे.

दिवसभर डबे कानाला लावून मान अवघडली आहे. पण सांगायला अभिमान वाटतो: इतक्या मालात एकही डबा शिटी मारणारा निघाला नाही. भरणारी पोरं आता तयार झाली.

९ एप्रिल

व्हॅन पेटली. मेव्हणा भाजला आहे. चेहरा, मान, दोन्ही हात.

पहाटे किल्ली मीच त्याच्या हातात दिली.

१० एप्रिल

काल लिहिता आलं नाही. मागचं दार उघडून तो आत वाकला आणि भडका उडाला, एवढंच समोरच्या पहारेकऱ्याने पाहिलं. त्यानेच ओढून काढला. माल निम्मा जळाला, निम्मा खोक्यांसकट रस्त्यावर विखुरला.

इस्पितळात त्याला भेटू दिलं. डोळे वाचले. बाकी सगळं पांढऱ्या पट्ट्यांत, ओठ सुजलेले. बायको त्याच्या उशाशी बसली होती. तो माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. बराच वेळ. मला फक्त ओठ हलताना दिसत होते. मी म्हटलं, बोलू नकोस, त्रास होईल.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "तो काय म्हणाला, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग आता काय ते तुम्ही बघा," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

बघणार म्हणजे काय, खर्च मीच बघणार. त्यात विचारायचं काय होतं?

११ एप्रिल

सरकारी चौकशी अधिकारी आला. सभ्य माणूस, भारदस्त आवाज, शब्द न् शब्द कळत होता. विचारलं, डबे तपासलेले होते? म्हटलं, प्रत्येक. ठिणगी कुठून आली असेल? म्हटलं, कळत नाही. त्यानेच विचारलं, चालक सिगारेट ओढायचा का? म्हटलं, ओढायचा. गेल्याच आठवड्यात पाकीट सापडलं होतं.

त्याने लिहून घेतलं आणि मी सही केली. मेव्हण्याच्या अंगाची आग होते आहे, आणि मी त्याच्यावर हे लिहून देतोय, असं मनात आलं. पण माझ्या डब्यांतून एक शीळ नव्हती. मग दुसरं काय असणार? तसंही त्याचं चुकलं असेल तर मी थोडाच त्याला टाकणार आहे? बरा झाला की शेडमध्ये काम देईन.

अधिकारी जाताना म्हणाला, "मग चालकाचं लायसन्स रद्द करावं लागेल. गुन्हाही दाखल होईल कदाचित. तुमची शेड मात्र सुटेल."

सुटेल म्हटल्यावर श्वास सुटला. खोटं कशाला लिहू.

१३ एप्रिल

बायको घरी येत नाही, इस्पितळातच राहते. मी जेवण घेऊन गेलो तर भांडं हातातून घेतलं नि दार पुढे लोटलं. भाऊ आहे तिचा, दुःख आहे. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलो.

१४ एप्रिल

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मी उद्या मलाच वेगळं सांगेन.

नियमबाई आल्या. रस्त्यावर विखुरलेली न जळलेली खोकी त्यांनी शेडमध्ये आणवली. टाकी तापवायला लावली. मी म्हटलं, लेबलं सुटतील. त्या म्हणाल्या, "सुटू देत."

डबे पाण्यात सोडले. पहिल्या काहींना काही नाही. मग एकाच्या मानेशी मोत्यासारखे बुडबुडे, एकामागून एक, न थांबता. थोड्या वेळाने आणखी एक तसाच. माझी ज्वाला सुटून त्यांच्यावरून तरंगत गेली.

नियमबाईंनी पहिला डबा काढला, पुसला, माझ्या हातात दिला. "ऐका."

मी कानाला लावला. "शांत आहे."

"दुसऱ्या कानाने ऐका."

"शांत आहे, बाई. पाण्यातली हवा असेल, पत्र्याच्या कडेला अडकते कधी कधी…"

बोलता बोलता मी माणसांकडे बघितलं. सगळी खाली बघत होती. मावशी कालच परतल्या होत्या; त्या पार दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला.

नियमबाई म्हणाल्या, आवाज न चढवता पण माझ्या डोळ्यांत बघून, "मला इथून ऐकू येतंय."

मी मावशींना विचारलं, "तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली.

"तिथून?"

"हो, मालक."

"ते पोचे आलेले डबे…"

"पोचे नव्हते," मावशी रडत म्हणाल्या. "तुम्ही कान लावून पुढे सारायचात, मी खोक्यात भरताना ऐकायचे आणि बाजूला काढायचे. सगळ्यांनाच माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही. तुम्ही किती कौतुकाने कान लावायचात!"

कोणाला रागवू? माझ्या मानाला त्यांनी हळुवार सांभाळलं, आणि त्या मानाची सगळी आग मेव्हण्याच्या अंगावर गेली. नियमबाईंनी सांगितलं ते सरळ आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. बंद व्हॅनच्या तळाशी रात्रभर साचत राहिला. पहाटे अंधार होता म्हणून मेव्हण्याने आतला दिवा लावला; जळालेल्या व्हॅनमध्ये त्याचं बटण चालू सापडलं. बटणाची ठिणगी पुरली.

१५ एप्रिल

सकाळी इस्पितळात गेलो. बायकोला बाहेर बोलावलं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्हाला आज कळलं?"

"आज नाही, काल."

"मग त्याने तुमच्या तोंडावर सांगितलं तेव्हा? 'दाजी, सिगारेट नव्हती, मी फक्त दिवा लावला', असं म्हणाला. ते ओठ फुटत होते त्याचे. मी तुम्हाला विचारलं, ऐकलंत ना? तुम्ही ऐकलं म्हणालात! आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला काय लिहून दिलंत? तो इथे येऊन लायसन्सचं सांगून गेला. अहो, मला वाटलं, तुम्ही धंदा वाचवायला…"

मी म्हटलं, "मला ऐकू आलं नव्हतं."

"मग तसं म्हणायचं!"

"सवय नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. परक्या माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "किती दिवस असं चाललंय?" माझ्या आधी घरातल्या केटलीला माहीत होतं.

दुपारी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते मोठं यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबा, म्हणाला. आधी घुमणारे, जाड आवाज आले, मी पटापट दाबले. मग बंद झालं. बसलो वाट बघत. बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं.

मी म्हटलं, "यंत्र मध्येच बंद पडलं का?"

तो म्हणाला, "बंद नव्हतं पडलं."

माणसाचा जाड आवाज मला येतो, बारीक काही येत नाही. हळूहळू जातं, कळत नाही, म्हणाला. शीळ, शिट्टी, लहान मुलांचं बोलणं.

१६ एप्रिल

चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो. नवीन लिहून दिलं: डबे पाण्यातून काढले नाहीत. भरलेली गाडी रात्रभर बंद ठेवायला मी सांगितलं, चालकाने आठवण करूनही. सिगारेटचं मी पाहिलं नव्हतं, माझा अंदाज होता. तो म्हणाला, "याचा अर्थ समजतोय ना? परवाना जाईल. खटला तुमच्यावर येईल."

"समजतोय. जरा मोठ्याने बोललात तर आणखी समजेल."

तो हसला नाही. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो.

१७ ते २१ एप्रिल

शेडला सील आहे. आधी गेलेली खोकी परत बोलावतोय. नियमबाईंनी त्यांच्या गोदामांना कळवलं, दुकानांना फोन मावशी लावतात आणि मी शेजारी बसून काय बोलायचं ते सांगतो. काही दुकानदार शिव्या देतात. मावशी मला सांगत नाहीत, पण चेहऱ्यावरून कळतं. मी म्हटलं, "मावशी, जे म्हणतील ते जसंच्या तसं सांगायचं. आता झाकायचं नाही." तेव्हापासून सांगतात, आणि शिव्या सांगताना थोड्या रंगतातही.

जवळजवळ सगळी खोकी सापडली. डोंगरातल्या एका दुकानाने पाच-सहा डबे विकले, कोणाला ते त्याला आठवत नाही. त्याच्या दारावर सूचना लावली आहे. रोज विचारतो. अजून कोणी आलं नाही.

२३ एप्रिल

मेव्हण्यासमोर आज पहिल्यांदा बसलो. बायकोने खुर्ची दिली, स्वतः खिडकीशी उभी राहिली. मी सगळं सांगितलं: कानाचं, पाण्याचं, किल्लीचं, सहीचं. त्याने मध्ये एकदाही डोळे मिटले नाहीत.

मग त्याचे ओठ हलले.

मी म्हटलं, "ऐकू आलं नाही."

पुन्हा हलले. मी बायकोकडे पाहिलं. तिला ऐकू आलं होतं, दिसत होतं. पण ती सांगेना. बरोबर आहे.

"अजून नाही आलं. पुन्हा सांग. त्रास होतोय ते दिसतंय, पण सांग."

त्याने श्वास घेतला. खालचा ओठ पुन्हा उलला, रक्ताचा थेंब आला. "म्हटलं, लायसन्स राहिलं ना माझं?"

"राहिलं. तुझ्यावर काही नाही. सगळं माझ्यावर घेतलंय, लेखी."

त्याने मान हलवली आणि नजर वळवून पांघरुणावर ठेवलेल्या आपल्या दोन हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत पट्ट्या. बोटं वेगळी दिसत नव्हती. आम्ही तिघंही तिकडेच बघत बसलो.

लायसन्स राहिलं. हातांचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.